जीएम पीक ओळखणारे हातातले बायोसेन्सर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बियाणं तपासणारे, धान्य खरेदी करणारे, शेताच्या बांधावर उभे राहून "हे जीएम आहे का?" असं विचारणारे, अशा सगळ्यांसाठी हे पान लिहिलं आहे. जीएम म्हणजे जनुकीय सुधारित, बाहेरून जनुक घातलेलं पीक. काही उत्तरं लांबली आहेत. फसगत बहुतेक वेळा तिथेच होते, म्हणून ती लांबवली.

बायोसेन्सर म्हणजे नेमकं काय?

ज्या उपकरणात ओळख पटवण्याचं काम एखादा जैविक रेणू करतो, त्याला बायोसेन्सर म्हणतात. हा रेणू म्हणजे अँटिबॉडी (ठरावीक प्रथिनाला ओळखून चिकटणारा रेणू) असेल, डीएनएचा छोटा धागा असेल किंवा एन्झाइम असेल. ओळख पटली की उपकरणाचा दुसरा भाग ती घटना रंगात, प्रकाशात किंवा विजेच्या प्रवाहात बदलून आपल्याला दाखवतो. १९६२ मध्ये लेलँड क्लार्क यांनी ग्लुकोज मोजण्यासाठी एन्झाइम लावलेल्या इलेक्ट्रोडची कल्पना मांडली आणि या क्षेत्राची सुरुवात झाली. घरी रक्तातली साखर मोजायचं यंत्र त्याच घराण्यातलं. इथे साखरेच्या जागी पिकात बाहेरून घातलेलं जनुक किंवा त्या जनुकाने तयार केलेलं प्रथिन शोधायचं असतं.

जीएम पीक नुसतं बघून ओळखता येत नाही का?

नाही. पान, दाणा, फूल, वास, चव यांतल्या कशावरूनही ते सहसा कळत नाही. तणनाशक सहन करणारं पीक असेल तर फवारून बघता येतं, आणि २०१३ मध्ये अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात साधारण असंच झालं. एका शेतकऱ्याने शेत मोकळं करायला ग्लायफोसेट हे तणनाशक फवारलं, तेव्हा गव्हाची काही रोपं मेलीच नाहीत. तपासणीत तो गहू जनुकीय सुधारित निघाला. असा गहू तेव्हा कुठेही व्यापारी लागवडीसाठी मंजूर नव्हता. पण फवारणीच्या निकालाला दिवस लागतात, आणि पोत्यातल्या दाण्यांवर फवारून काही उपयोगही नसतो.

एवढ्या घाईने, जागेवरच तपासायची गरज का पडते?

कारण धान्य एकदा मिसळलं की परत वेगळं करता येत नाही. स्टारलिंक मक्याचं उदाहरण घ्या. त्यात क्राय९सी नावाचं कीडरोधक प्रथिन होतं. हा मका अमेरिकेत १९९८ मध्ये फक्त जनावरांच्या खाद्यासाठी मंजूर झाला होता. माणसांना त्याची ॲलर्जी होऊ शकते का, हा प्रश्न तेव्हा सुटलेला नव्हता. सप्टेंबर २००० मध्ये तो माणसांच्या खाण्यातल्या मक्याच्या पदार्थांत सापडला. बाजारातून माल परत बोलावावा लागला, निर्यात अडखळली. त्यानंतर धान्याच्या कोठारांवर ट्रक रिकामा होण्याआधी पट्टीवर तपासणी करण्याची पद्धत तिथे रुळली. २००६ मध्ये लांब दाण्याच्या तांदळात एलएल६०१ या मंजुरी नसलेल्या जीएम वाणाचे अंश सापडले, तेव्हाही हीच कहाणी पुन्हा घडली.

ट्रक दारात उभा असताना प्रयोगशाळेचा अहवाल तीन दिवसांनी आला, तर तो निर्णयाच्या कामाचा राहत नाही. हातातल्या उपकरणाची जागा या तीन दिवसांत आहे.

हे उपकरण पिकात शोधतं तरी काय?

दोनपैकी एक गोष्ट: प्रथिन किंवा डीएनए.

प्रथिन म्हणजे घातलेल्या जनुकाचं उत्पादन. कीडरोधक पिकात क्राय१एबी, क्राय१एसी, क्राय२एबी अशी प्रथिनं असतात. ग्लायफोसेट सहन करणाऱ्या बऱ्याच पिकांत सीपी४ ईपीएसपीएस असतं. ग्लुफोसिनेट हे दुसरं तणनाशक सहन करणाऱ्यांत पॅट असतं.

डीएनए शोधताना प्रश्न चार पातळ्यांवर विचारता येतो, आणि हा फरक नीट समजून घ्यायला हवा. सगळ्यात ढोबळ पातळी म्हणजे अनेक जीएम पिकांत वापरलेले सामाईक तुकडे: कॉलिफ्लॉवर मोझॅक विषाणूपासून घेतलेला ३५एस प्रमोटर (जनुक चालू करणारा तुकडा) आणि ॲग्रोबॅक्टेरियम जिवाणूपासून घेतलेला नॉस टर्मिनेटर (जनुक कुठे संपतं ते सांगणारा तुकडा). हे सापडले तर बाहेरून काहीतरी घातलं असावं एवढंच कळतं. त्याच्या पुढची पातळी म्हणजे विशिष्ट जनुक, जसं क्राय१एसी. तिसरी पातळी म्हणजे दोन घटकांचा सांधा, उदाहरणार्थ प्रमोटर आणि जनुक यांच्यामधला. निसर्गात हे दोन तुकडे असे शेजारी नसतात, त्यामुळे हा पुरावा जास्त भक्कम. चौथी आणि सगळ्यात नेमकी पातळी म्हणजे घातलेला तुकडा आणि पिकाचा स्वतःचा डीएनए जिथे जुळतात ती सीमा. बाहेरचा तुकडा प्रत्येक वाणात वेगळ्या जागी बसलेला असतो, म्हणून ही सीमा बोटाच्या ठशासारखी असते. अशा एका बसलेल्या तुकड्याला तज्ज्ञ मंडळी 'इव्हेंट' म्हणतात. मॉन ८१० हा मक्याचा एक इव्हेंट आहे.

पट्टीची चाचणी कशी चालते?

गर्भधारणेच्या चाचणीची पट्टी डोळ्यांसमोर आणा. दाणे दळायचे, पुडीत पाणी किंवा बफर (आम्लता स्थिर ठेवणारा द्रव) घालून हलवायचं, गाळ बसू द्यायचा आणि वरच्या द्रवात पट्टी उभी करायची. द्रव वर चढताना सोन्याचे सूक्ष्म कण चिकटवलेल्या अँटिबॉडी सोबत घेतो. हवं ते प्रथिन नमुन्यात असेल तर ते या कणांना धरतं आणि पुढे चाचणीच्या रेघेवर बसवलेल्या दुसऱ्या अँटिबॉडीत अडकतं. कण तिथे साचले की लाल रेघ उमटते. हो, सोनंच, पण इतक्या बारीक कणांत ते पिवळं दिसत नाही, लाल दिसतं. दुसरी रेघ कंट्रोलची, म्हणजे पट्टी नीट चालली हे दाखवणारी. ती उमटली नाही तर पट्टी बाद, निकाल वाचायचाच नाही. पाच ते दहा मिनिटांत काम होतं आणि वीज लागत नाही.

एक चूक मात्र वारंवार होते. ताज्या पानाचा घट्ट रस घेतला तर प्रथिन इतकं जास्त होतं की दोन्ही अँटिबॉडी वेगवेगळ्या भरून जातात आणि रेघ उलट फिकट पडते. शंका आली की नमुना पातळ करून पुन्हा तपासा.

डीएनए शोधायला तर पीसीआर यंत्र लागतं. ते शेतात कसं नेणार?

पीसीआर म्हणजे डीएनएच्या तुकड्याच्या असंख्य प्रती काढण्याची पद्धत. तिच्यात तापमान सुमारे ९५ अंशांपर्यंत चढवायचं, पुन्हा उतरवायचं, असं तीस-चाळीस वेळा करावं लागतं. ते यंत्र जड, महाग आणि विजेवर अवलंबून. यातून वाट निघाली ती एकाच तापमानावर डीएनएच्या प्रती काढणाऱ्या पद्धतींमुळे.

२००० मध्ये जपानी संशोधकांनी प्रसिद्ध केलेली लॅम्प पद्धत ६० ते ६५ अंशांवर चालते. तिच्यात किमान चार प्रायमर (प्रत काढायची सुरुवात करून देणारे डीएनएचे छोटे धागे) असतात आणि ते डीएनएवरच्या सहा जागा ओळखतात. सहाही जागा जुळल्याशिवाय प्रती निघत नाहीत, म्हणून नेमकेपणा चांगला. तासाभराच्या आत शेवटचं मिश्रण रंगाने वाचता येतं. फिनॉल रेड हा रंग घातला असेल तर प्रती निघताना आम्लता वाढते आणि गुलाबी द्रव पिवळा होतो. दुसरी पद्धत आरपीए, २००६ मध्ये आलेली. ती ३७ ते ४२ अंशांवर, दहा-वीस मिनिटांत काम करते. एवढी ऊब साध्या बॅटरीवरच्या छोट्या तापकातून मिळते.

क्रिस्परमुळे, म्हणजे ठरवलेला डीएनए हुडकून कापणाऱ्या तंत्रामुळे, याच्यावर आणखी एक पायरी चढली. कॅस१२ए हे एन्झाइम ठरवून दिलेला डीएनए सापडला की चवताळल्यासारखं आसपासचे एकेरी धागेही कापत सुटतं. मिश्रणात आधीच चमकणारे धागे घालून ठेवले तर ते तुटून प्रकाश दिसतो, किंवा पट्टीवर रेघ उमटते. २०१७-१८ मध्ये अशाच तत्त्वावर शेरलॉक आणि डिटेक्टर या दोन पद्धती आल्या. मला यातली जमेची बाजू वाटते ती अशी की चूक पकडायला दोन पहारेकरी मिळतात: आधी प्रायमरने ओळखायचं, मग क्रिस्परने पुन्हा पडताळायचं.

विजेवर चालणारे सेन्सर वेगळे असतात का?

तत्त्व वेगळं असतं. सोन्याच्या इलेक्ट्रोडवर गंधकाच्या बंधाने डीएनएचा एकेरी धागा रोवतात. नमुन्यातला जोडीदार धागा येऊन बिलगला की पृष्ठभागावरची विद्युत वर्तणूक बदलते आणि मेथिलीन ब्लूसारख्या रंगद्रव्याच्या मदतीने तो बदल मोजता येतो. सोन्याच्या पातळ थरावर प्रकाश टाकून किंवा कंप पावणाऱ्या क्वार्ट्झ स्फटिकाची गती मोजूनही हे करतात. आकडा मिळतो, हा त्यांचा फायदा. पण खऱ्या शेतातला मातकट, पिठूळ अर्क पृष्ठभागावर काहीबाही चिकटवून ठेवतो, आणि प्रयोगशाळेत सुंदर चाललेला सेन्सर इथे गडबडतो. आज रोजच्या वापरासाठी निवड करायची झाली तर मी पट्टी आणि लॅम्प यांनाच पुढे ठेवेन.

शेतात डीएनए वेगळा कसा काढायचा?

खरी अडचण इथेच आहे. पानात पॉलिफिनॉल आणि चिकट कर्बोदकं असतात, ती एन्झाइमला अडवतात. लॅम्प त्यांना पीसीआरपेक्षा बरंच पुरून उरतं, तरी अर्क साफ असलेला बरा. २०१७ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी एक साधा उपाय दाखवला: गाळणकागदाची पट्टी, तिचा दांडा मेणाचा. कुटलेल्या पानाच्या द्रवात बुडवायची, धुण्याच्या द्रवात बुडवायची, मग थेट तपासणीच्या नळीत. डीएनए कागदाच्या तंतूंना चिकटून राहतो आणि नळीत सुटतो. अर्ध्या मिनिटात काम.

एक काळजी सक्तीची. लॅम्प संपल्यावर त्या नळीत एका तुकड्याच्या अब्जावधी प्रती असतात. ती नळी उघडली तर हवेतून, हातमोज्यावरून त्या पुढच्या नमुन्यात जातात, आणि मग दिवसभर सगळंच 'जीएम' निघतं. म्हणून वापरलेली नळी बंदच ठेवून टाकून द्यायची.

'नाही' असं उत्तर आलं म्हणजे माल जीएम नाही, असं समजायचं का?

असं समजू नका. त्याचा अर्थ एवढाच: जे शोधलं ते, या नमुन्यात, उपकरणाला दिसेल इतक्या प्रमाणात आढळलं नाही. या वाक्यातला प्रत्येक तुकडा महत्त्वाचा आहे.

पहिला तुकडा, 'जे शोधलं ते'. सोयाबीनच्या मॉन ८९७८८ या इव्हेंटमध्ये ३५एस प्रमोटरही नाही आणि नॉस टर्मिनेटरही नाही. फक्त हे दोन शोधणाऱ्या उपकरणासमोर शंभर टक्के जीएम सोयाबीन ठेवलं तरी ते 'नाही' म्हणेल. मॉन ८१० मक्यात ३५एस आहे, पण तुकडा बसताना नॉसचा भाग गळून गेला. जीए२१ मका ग्लायफोसेट सहन करतो, पण त्यात सीपी४ नसून मक्याच्याच जनुकाचं बदललेलं रूप आहे, म्हणून सीपी४ची पट्टी त्याला ओळखत नाही.

प्रथिनाच्या बाबतीत आणखी एक पेच असतो. बीटी१७६ या जुन्या मक्यात क्राय१एबी मुख्यतः हिरव्या भागात आणि परागात तयार व्हायचं, दाण्यात जवळजवळ नाहीच. पान तपासलं तर 'हो', दाणा तपासला तर 'नाही', आणि रोप तेच.

दुसरं म्हणजे उपकरण खरंच चाललं का? डीएनएच्या चाचणीत पिकाचं स्वतःचं जनुकही सोबत तपासलं पाहिजे, जसं सोयाबीनचं लेक्टिन. तेही सापडलं नाही तर डीएनए नीट निघालाच नव्हता, आणि त्या 'नाही'ला काही किंमत नाही. असं अंतर्गत कंट्रोल नसलेलं उपकरण कितीही स्वस्त मिळालं तरी मी घेणार नाही.

तिसरं, प्रमाण. मक्याच्या जनुकसंचाच्या एका प्रतीचं वजन साधारण २.७ पिकोग्रॅम. चाचणीत १०० नॅनोग्रॅम डीएनए घातला तर सुमारे ३७,००० प्रती होतात, त्यात ०.१ टक्का जीएम म्हणजे ३७ प्रती. सापडतील. पण शेतातल्या घाईच्या अर्कातून एकच नॅनोग्रॅम हाती लागला तर त्या ०.१ टक्क्याची एक प्रतही नळीत येईल याची खात्री नाही. उपकरण कितीही संवेदनशील असलं तरी नळीत नसलेली गोष्ट ते दाखवू शकत नाही.

आणि 'हो' आलं तर? ते तरी पक्कं ना?

'नाही'पेक्षा जास्त पक्कं, तरी डोळे उघडे ठेवावेत. ३५एस मुळात विषाणूचा तुकडा आहे, आणि कॉलिफ्लॉवर मोझॅक विषाणू कोबी-मोहरीच्या कुळातल्या पिकांना नैसर्गिकरीत्या लागतो. रोगट मोहरी ३५एसच्या चाचणीत 'हो' दाखवू शकते. तसंच बीटी या कीडनाशक जिवाणूची (क्राय प्रथिनांची जनुकं मूळची याचीच) फवारणी सेंद्रिय शेतीतही करतात, आणि त्या फवाऱ्यात क्राय प्रथिनं असतातच. फवारलेल्या पानाची पट्टी लाल झाली म्हणून शेतकऱ्यावर आरोप करणं हा अन्याय ठरेल. अशा वेळी विषाणूचं एखादं वेगळं जनुकही तपासतात किंवा इव्हेंटची सीमा तपासतात. शेजारच्या ट्रकची धूळ, न पुसलेली गिरणी, मागच्या नमुन्याची पूड हीही खोट्या 'हो'ची नेहमीची कारणं.

किती दाणे घ्यायचे?

समजा खेपेत १ टक्का जीएम दाणे आहेत. तुम्ही १०० दाणे उचलले तर त्यात एकही जीएम दाणा नसण्याची शक्यता तब्बल ३७ टक्के. ९५ टक्के खात्रीने किमान एक दाणा हाती यायला हवा असेल तर २९९ दाणे लागतात. प्रमाण ०.१ टक्का असेल तर सुमारे ३,०००, म्हणजे मक्याचे जवळपास एक किलो. हा हिशोब उपकरण बदलून बदलत नाही.

आणि ते दाणे ढिगाच्या वरच्या थरातून ओंजळीने उचललेले चालत नाहीत. जीएम दाणे खेपेत सारखे पसरलेले नसतात, एखाद्या पोत्यातून आलेले ते एकाच कोपऱ्यात साठलेले असतात. धान्यात खुपसायच्या लांब पोकळ नळीने वेगवेगळ्या जागी, वेगवेगळ्या खोलीवरून नमुने काढायचे, एकत्र करून हलवायचे, सगळे दाणे बारीक दळायचे आणि त्या पुडीतून भाग घ्यायचा. दोन नमुन्यांच्या मध्ये गिरणी स्वच्छ करायची. कंटाळवाणं काम आहे, पण उपकरणाच्या किमतीपेक्षा निकालाचा भरवसा यावर जास्त अवलंबून असतो.

टक्केवारी सांगतं का?

बहुतेक हातातली उपकरणं 'हो' किंवा 'नाही' एवढंच सांगतात. कायद्याला मात्र टक्के हवे असतात: युरोपीय संघात मंजूर जीएम घटक अनवधानाने ०.९ टक्क्यापर्यंत मिसळला तर लेबलची सक्ती नाही, ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये ही मर्यादा १ टक्का, दक्षिण कोरियात ३, जपानमध्ये ५. जपानमध्ये एप्रिल २०२३ पासून 'जीएम नाही' असं लिहायचं असेल तर जीएम घटक आढळताच कामा नये.

पण 'हो-नाही'च्या पट्ट्यांवरूनही अंदाज काढायची एक सुरेख युक्ती आहे. हजार दाण्यांचे शंभर-शंभरचे दहा गट करा आणि प्रत्येक गट वेगळा तपासा. दहापैकी चार गट 'हो' आले तर खेपेतलं प्रमाण साधारण अर्धा टक्का निघतं. दहाही 'हो' आले तर गट लहान करून पुन्हा मोजा.

डीएनएवरून काढलेले टक्के आणि वजनाचे टक्के एकच नसतात, हेही लक्षात असू द्या. परागातून जीएम जनुक आलेल्या मक्याच्या दाण्यात अंकुरातल्या निम्म्याच प्रतींत ते असतं, आणि भोवतालच्या पिठूळ भागात तिसऱ्या हिश्श्यात.

तेल, साखर, स्टार्च यांवर चालेल का?

शुद्ध केलेल्या तेलात आणि साखरेत प्रथिन जवळजवळ उरत नाही, आणि डीएनए इतका थोडा आणि तुटका असतो की शेतातल्या उपकरणाने काही हाती लागत नाही. भाजलेल्या, शिजवलेल्या पदार्थांत प्रथिनाची घडी उसवते, म्हणून पट्टीची अँटिबॉडी त्याला ओळखत नाही. डीएनए त्या मानाने चिवट. शंभरेक अक्षरांचा छोटा तुकडा शोधणारी चाचणी अशा पदार्थांत अनेकदा जमते.

जनुक-संपादित पिकं ओळखता येतील?

हा सगळ्यात अवघड प्रश्न. जनुक-संपादन म्हणजे पिकाच्या स्वतःच्याच डीएनएत नेमका बदल करणं. त्यात कधी कधी डीएनएची दोन-चार अक्षरंच बदललेली असतात आणि बाहेरचा कुठलाच तुकडा उरत नाही. ३५एस, नॉस, क्राय शोधणारं उपकरण इथे आंधळं असतं. २०२१ मध्ये जपानमध्ये विक्रीला आलेला जास्त गाबा (एक अमिनो आम्ल) असलेला टोमॅटो असाच आहे. कोणती अक्षरं बदलली ते आधीच ठाऊक असेल तर नेमका तो बदल शोधणारी क्रिस्पर चाचणी बनवता येते. पण तोच बदल निसर्गात आपोआप झाला की प्रयोगशाळेत केला, हे डीएनए सांगत नाही. कुठल्याही उपकरणाच्या जाहिरातीत याउलट दावा दिसला तर विक्रेत्याला खोलात प्रश्न विचारा.

हे पीक खायला सुरक्षित आहे का, हे उपकरण सांगेल?

नाही. ते फक्त ओळख सांगतं.

उपकरण घेताना विक्रेत्याला काय विचारावं?

ते कोणती प्रथिनं किंवा कोणते तुकडे शोधतं, हे सगळ्यात आधी विचारा, आणि यादी लेखी घ्या. तुमच्या भागात येणाऱ्या मालात जे इव्हेंट असू शकतात, त्यांच्याशी ती यादी ताडून बघा. किती दाण्यांत एक दाणा सापडतो हे विचारा, आणि तो आकडा शुद्ध डीएनएवर मिळाला की दळलेल्या खऱ्या धान्यावर, हेही विचारा. माहीत असलेल्या प्रमाणाचे प्रमाणित संदर्भ नमुने मिळतात. त्यांतला एक 'हो'चा आणि एक 'नाही'चा घेऊन, नमुन्यावर कोणतं लेबल आहे हे तपासणाऱ्याला न सांगता, खरेदीआधी स्वतः चाचणी करून बघा. पट्ट्या आणि एन्झाइम किती तापमानात ठेवायचे, पाकीट उघडल्यावर किती दिवस टिकतात, हेही लिहून घ्या. ओलसर झालेली पट्टी दिसायला अगदी नव्यासारखीच असते.

मग प्रयोगशाळेत पाठवायची गरजच उरत नाही का?

उरते. करार मोडणार असेल, माल अडवायचा असेल, कोणावर कारवाई होणार असेल, तर हातातल्या उपकरणाचा निकाल पुरेसा धरू नये. म्हणून नमुना काढतानाच त्याचे तीन भाग करा: एक जागेवर तपासायला, एक प्रयोगशाळेला, आणि एक दोन्ही पक्षांच्या सह्यांनी सीलबंद ठेवायला. वाद झालाच तर तो तिसरा भाग उघडायचा.